सर्व्हर चालू व्हायला एवढा वेळ का लागतो?

(ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून. बोलताना मध्येच जे विषयांतर झालं, ते काढलेलं नाही.)



आज सुरुवात एका वाक्याने करतो. हे वाक्य तुम्ही बँकेत ऐकलंय, तलाठी कार्यालयात ऐकलंय, रेशन दुकानात तर दर महिन्याला ऐकता. "सर्व्हर डाऊन आहे." त्यावर आपण विचारतो, "कधी चालू होईल?" आणि काचेपलीकडचा माणूस खांदे उडवून सांगतो, "सांगता येत नाही."

आपल्याला वाटतं, हा टाळतोय. मलाही वाटायचं. मग नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी काचेच्या पलीकडे उभा होतो आणि एक आजोबा मला तोच प्रश्न विचारत होते. मी "सांगता येत नाही" असंही म्हणालो नाही. मी त्यांना चक्क खोटं सांगितलं. मुद्दाम नव्हे, पण खोटंच.

तर ते सांगतो आधी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांच्या सर्व्हरमध्ये रॅम वाढवायची होती. आठ स्टिक होत्या, आणखी आठ टाकायच्या. काम रविवारी व्हायचं होतं, पण पार्सल आलं रविवारी संध्याकाळी. मग ठरलं की सोमवारी सकाळी आठला सुरू करू, बँक दहाला उघडते, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. सीनियर पुण्यात, मी एकटा. आणि तो दिवस नेमका दूध बिलाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या भागात दूध संघाचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यावर जमा होतात, आणि त्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसते.

८ वाजून ४० मिनिटांनी रॅम बसवून झाली. बटण दाबलं. पंखे असे ओरडले की खोलीत विमान उतरतंय असं वाटावं. स्क्रीन मात्र काळी. एक मिनिट काळी, दोन मिनिटं काळी. चार मिनिटं झाल्यावर माझी खात्री पटली की एखादी स्टिक नीट बसलेली नाही. पॉवर केबल उपटली, सगळ्या स्टिक काढून परत बसवल्या, ९ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा बटण. पुन्हा काळी स्क्रीन. या वेळी पाच मिनिटं थांबलो आणि पुन्हा केबल उपटली. पुन्हा सगळं काढलं, पुसलं, बसवलं. ९:३३ ला तिसऱ्यांदा चालू केलं आणि हात केबलवर ठेवूनच सीनियरना फोन लावला.

ते म्हणाले, "आधी किती वेळ थांबला होतास?"

"सर, चार-पाच मिनिटं."

"खुर्ची आहे का तिथे? बस. आणि हात मांडीवर ठेव."

९:४२ ला स्क्रीनवर अक्षरं आली. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्या वेळीही नव्हतं!

पण स्क्रीन आली म्हणजे बँक चालू झाली असं नाही ना. लॉगिन दिसायला ९:४९ झाले. डेटाबेस ९:५२ ला उठला. बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर जावामधलं, ते १०:०६ ला वर आलं. मग नवा दिवस उघडायची प्रक्रिया, ज्याशिवाय काउंटरवर एक रुपयाचाही व्यवहार होत नाही, ती १०:२० ला संपली. पहिल्या पासबुकात पहिली ओळ छापली गेली तेव्हा १०:२६ झाले होते.

या दरम्यान ते आजोबा, धोतर, पांढरी टोपी, पिशवीत पासबुक, दोनदा माझ्यापाशी आले. "काय रं पोरा, किती टाइम लागंल?" पहिल्यांदा १०:०५ ला, मी म्हणालो, दहा मिनिटं. दुसऱ्यांदा १०:१५ ला, मी म्हणालो, दहा मिनिटं. त्यांची गावाकडची एसटी सव्वादहाची होती, हे मला नंतर शिपाई दादांनी सांगितलं. पुढची दुपारी.

आता हिशेब बघा. तिसऱ्या प्रयत्नात बटण ९:३३ ला, पासबुक १०:२६ ला. म्हणजे ५३ मिनिटं. ८:४० ला मी हात लावला नसता, तर साडेनऊच्या सुमारास सगळं तयार असतं. बँक उघडायच्या अर्धा तास आधी.

ते ५३ मिनिटांचं गणित माझ्या डोक्यातून जाईना. माझा फोन अर्ध्या मिनिटात चालू होतो. लॉगिनपर्यंत लॅपटॉप पंधरा-वीस सेकंदांत. आणि लाखो रुपयांचा हा लोखंडी डबा नऊ मिनिटं नुसती काळी स्क्रीन दाखवतो? आत करतो काय?

बरंच काही करतो. पहिलं म्हणजे तुम्ही बटण दाबण्याआधीच आत एक छोटा कॉम्प्युटर जागा होत असतो. त्याला म्हणतात बीएमसी. मुंबईकरांनो, तुमची महापालिका नव्हे. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. डेलच्या मशीनमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या मशीनमध्ये आयएलओ. याचं काम राखणदाराचं. मुख्य सर्व्हर बंद असला तरी हा चालू असतो, तापमान बघतो, पंखे सांभाळतो, आणि तुम्ही घरी बसून त्याच्यामार्फत सर्व्हर बंद-चालू करू शकता. पण केबल उपटली की तोही मरतो, आणि परत उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. म्हणजे मी प्रत्येक वेळी केबल काढून राखणदारालाच झोपवत होतो.

दुसरं, आणि खरा वेळखाऊ भाग, म्हणजे मेमरी ट्रेनिंग. हे नीट ऐका, मला हे फार आवडतं.

प्रोसेसर आणि रॅममध्ये सेकंदाला अब्जावधी वेळा सिग्नल ये-जा करतात. प्रत्येक तारेची लांबी केसाएवढ्या फरकाने वेगळी, प्रत्येक स्टिकचा स्वभाव वेगळा. त्यामुळे "आत्ता वाचलं तर बरोबर वाचलं जाईल" हा क्षण प्रत्येक तारेसाठी वेगळा शोधावा लागतो. प्रोसेसर ठरावीक नमुने लिहितो, वाचतो, थोडं आधी वाचून बघतो, थोडं उशिरा वाचून बघतो, आणि जिथे चूक होत नाही अशा पट्ट्याचा मधला बिंदू पकडतो. भजनाआधी पखवाज लावताना पाहिलाय ना? कणीक लावायची, थाप मारायची, गट्ठा ठोकायचा, परत थाप. एक पखवाज असेल तर पटकन होतं. इथे सोळा, आणि सगळे एका सुरात हवेत. तुमच्या फोनमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि कोणती ते बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे हा कार्यक्रम थोडक्यात उरकतो. सर्व्हरही एकदा सूर सापडला की तो टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी लवकर उठतो. पण रॅम बदलली की सगळं पहिल्यापासून. मी नेमकी रॅम बदलली होती! आणि हे सगळं चालू असताना स्क्रीनवर काही दाखवायचं, तर तेवढी यंत्रणाच अजून उठलेली नसते.

तिसरं, डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची मोटार सुरू होताना जास्त करंट खेचते. बारा डिस्क एकदम फिरल्या तर पॉवर सप्लायवर ताण येतो. म्हणून कंट्रोलर त्यांना थोड्याथोड्या अंतराने चालू करतो. शेतकऱ्यांच्या पोरांना हे वेगळं समजावायला नको. रात्री लाईट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी जळते. महावितरण म्हणूनच सांगत असतं ना, ऑटो स्विच काढा म्हणून. सर्व्हरमधल्या डिस्क तेवढं ऐकतात, एवढाच फरक.

मग नेटवर्क कार्ड विचारतं, नेटवर्कवरून बूट करू का? उत्तर येत नाही, वाट बघतं. असे बारीकसारीक थांबे बरेच. एसटीसारखे, प्रत्येक फाट्यावर.

त्या दिवसानंतर मला मोजायची सवयच लागली. तुमच्याकडे लिनक्स असेल तर टर्मिनलवर "सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ" ही कमांड देऊन बघा. फर्मवेअरला किती, कर्नलला किती, बाकीच्या सेवांना किती, असा हिशेब एका ओळीत मिळतो. फर्मवेअरचा आकडा फक्त यूईएफआयवाल्या मशीनवर दिसतो, तेवढं लक्षात ठेवा. पुढे "ब्लेम" जोडलं तर कुणामुळे उशीर झाला त्याची यादी येते. अगदी गावच्या पंचायतीसारखी नावानिशी. आमच्याकडे त्या यादीत वर जवळजवळ नेहमी एकच आरोपी: "नेटवर्क येईपर्यंत थांबा" ही सेवा.

पुढच्या कंपनीत मी एक छोटं जावामधलं बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते तीन ठिकाणी चालू करून वेळ लावली. घड्याळ थांबवायचं ते पहिलं बिल स्क्रीनवर उघडल्यावरच, हा नियम मी स्वतःलाच घातला होता. का ते तुम्हाला कळलंच असेल.

रॅकमधला खरा सर्व्हर, रॅम न बदलता: फर्मवेअर ४ मिनिटं ५ सेकंद, लिनक्स ४२ सेकंद, सॉफ्टवेअर १९ सेकंद. एकूण ५ मिनिटं ६ सेकंद. त्याच सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन: १४ अधिक १९, म्हणजे ३३ सेकंद. आणि कंटेनर: जेमतेम १ सेकंद, अधिक तेच १९. वीस सेकंद.

हे आकडे माझ्या एका मशीनचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण गंमत बघा. पाच मिनिटांवरून वीस सेकंदांवर आलो ते हार्डवेअर वेगवान झालं म्हणून आलेलो नाही. व्हर्च्युअल मशीनला पखवाज लावावे लागत नाहीत, ते खालच्या सर्व्हरने आधीच लावून ठेवलेत. कंटेनरला तर कर्नलही उठवावा लागत नाही. घर आधीच जागं आहे, चूल पेटलेली आहे, पाहुणा येऊन फक्त पाटावर बसतोय. कुणी तुम्हाला "आमचा सर्व्हर एका सेकंदात चालू होतो" म्हणालं तर विचारा, खालचं घर कधीपासून जागं आहे?

अर्थात ज्यांनी या वेळेच्या मागे लागून कमाल केलीय, त्यांना मानायलाच हवं. २००८ मध्ये इंटेलच्या दोन इंजिनिअरांनी, आर्यन व्हॅन डी व्हेन आणि औके कोक, असूसच्या ईईई पीसी या बारक्या लॅपटॉपवर लिनक्स पाच सेकंदांत उठवून दाखवलं. त्यांची पद्धत महत्त्वाची. "थोडं थोडं कमी करू" असं न करता त्यांनी आधीच पाच सेकंद ठरवले आणि कर्नलला इतके, बाकीच्यांना इतके, अशी वाटणी करून दिली. पगार आला की पाकिटं करतात ना घरी, वाण्याचं, दुधाचं, तसं.

२०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने फायरक्रॅकर आणलं. छोटीशी व्हर्च्युअल मशीन, १२५ मिलिसेकंदांपर्यंत खाली आलेली सुरुवात. एका सेकंदाचा आठवा हिस्सा. आणि २०२३ मधली गोष्ट तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी ऐकायलाच हवी. कॉलिन पर्सिव्हल नावाचे गृहस्थ फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम फायरक्रॅकरवर उठवत होते. सगळीकडून वेळ कापत गेले, आणि शेवटी लक्षात आलं की बूटचा ७ टक्के वेळ जातोय बबल सॉर्टमध्ये! हो, तोच, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा. हजाराहून जास्त नोंदी त्या पद्धतीने क्रमाने लावल्या जात होत्या. कुणाला कधी खटकलं नाही, कारण दोन मिलिसेकंद पाच मिनिटांत दिसतातच कुठे? बाकीचं सगळं कमी झाल्यावर ते दिसले. त्यांनी त्या जागी मर्ज सॉर्ट टाकला.

आता परत माझ्या १९ सेकंदांकडे. खालचं सगळं कितीही पळालं, तरी ते १९ सेकंद हलले नाहीत. आणि खरं सांगायचं तर १९ हाही फसवा आकडा. जावाचा प्रोग्रॅम चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं मंद असतो, कोणता भाग वारंवार लागतो ते बघून मग तो यंत्राच्या भाषेत पक्का करतो. डेटाबेसचंही तेच, चालू झाल्यावर त्याची मेमरी रिकामी असते, पहिल्या प्रत्येक प्रश्नाला डिस्कवर जावं लागतं. त्या दिवशी बँकेत १०:२६ ला पहिली एंट्री झाली खरी, पण अकरापर्यंत कॅशियर मॅडम प्रत्येक खात्याला "फिरतंय, फिरतंय" म्हणत होत्या.

आणि इथे मला सगळ्यात जास्त हसू आलं, थोडी लाजही वाटली. कुबरनेटिस माहीत असेल तुम्हाला, कंटेनर सांभाळणारी व्यवस्था. त्यात लाइव्हनेस प्रोब असतो, दर काही सेकंदांनी विचारतो, जिवंत आहेस का? न बदललेली सेटिंग असेल तर दर दहा सेकंदांनी विचारणार, आणि लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की मेला समजून परत चालू करणार. आता तुमचं सॉफ्टवेअर उठायलाच चाळीस सेकंद घेत असेल तर? अर्ध्या वाटेवर मारलं जाणार. परत सुरू, परत मारलं. दिवसभर. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बिघाड नसताना!

म्हणजे मी केबल हातात धरून जे केलं, तेच. फरक इतकाच की मी दोनदा करून थांबलो. यावर उपाय म्हणून स्टार्टअप प्रोब अशी वेगळी सोय आहे, तो पास होईपर्यंत बाकीचे प्रोब तोंड बंद ठेवतात. आमच्या सीनियरांचं "हात मांडीवर ठेव" हे वाक्य कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं म्हणा ना.

मोठ्या लोकांनाही ही घाई परवडत नाही. ४ ऑक्टोबर २०२१, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं सुमारे सहा तास बंद. आठवतंय? नेटवर्क परत जोडल्यावरही त्यांनी सगळं धाडकन चालू केलं नाही. बंद काळात त्यांच्या एकेका डेटा सेंटरचा विजेचा वापर कित्येक मेगावॉटने खाली आला होता, तो एका झटक्यात वर गेला असता तर वीज यंत्रणेपासून कॅशपर्यंत सगळं धोक्यात आलं असतं. असं त्यांनीच नंतर लिहिलं. तीच आपली डीपी, फक्त अवाढव्य.

आयबीएमने वेगळा रस्ता काढला. त्यांच्या मेनफ्रेमवर मोठमोठ्या बँका चालतात. २०१९ च्या झेड१५ मध्ये त्यांनी सोय दिली की मशीन चालू झाल्यावर साठ मिनिटं जास्तीची प्रोसेसर क्षमता वापरायला मिळेल, म्हणजे साचलेलं काम पटापट उपसता येईल. बंद करतानाही तीस मिनिटं. मला हे प्रामाणिक वाटतं. चालू झाल्यावरचा पहिला तास नेहमीसारखा नसतो, हे त्यांनी मान्य केलंय.

कारण बाजारात आकडे कसले बोलले जातात बघा. "पाच नऊ", म्हणजे ९९.९९९ टक्के वेळ चालू. ऐकायला छान. वर्षाला किती वेळ बंद राहायची मुभा? ५ मिनिटं १५ सेकंद. माझा तो रॅकमधला सर्व्हर एकदा, काहीही न बिघडता, नुसता बंद-चालू केला तर जवळजवळ सगळा कोटा गेला. आणि त्या सोमवारच्या ५३ मिनिटांत दहा वर्षांचा. म्हणून पाच नऊ म्हणणारे लोक एका सर्व्हरवर विसंबतच नाहीत. दुसरा आधीच जागा ठेवतात. त्या बँकेकडे दुसरा होता, पण तो कधी चालवून बघितलेला नव्हता, आणि त्या सकाळी तो चालवायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात मी एक साधा कागद केला. बटण दाबल्यापासून स्क्रीन किती मिनिटांनी, लॉगिन किती, डेटाबेस, सॉफ्टवेअर, दिवस उघडणं, पहिलं पासबुक. प्रत्येकापुढे मिनिटं आणि तारीख. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवला. मॅनेजर साहेबांनाही एक प्रत दिली. म्हटलं, साहेब, पुढच्या वेळी लोकांना दहा मिनिटं सांगू नका, तास सांगा, एसटी तरी पकडतील. साहेब म्हणाले, "तास सांगितला तर भांडतील." मी म्हटलं, भांडू देत.

मागच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी तिथे जाणं झालं. सर्व्हर बदललाय, आता फिरत्या डिस्क नाहीत, स्क्रीन तीन-साडेतीन मिनिटांत येते. दार उघडलं तर कागद तिथेच. माझ्या ओळींच्या खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात नव्या सर्व्हरच्या चार तारखा, चार वेळा. सगळ्यात शेवटी लाल पेनाने: "स्क्रीन काळी असेल तर घाबरू नये. चहा घ्यावा."

चला, भेटू पुढच्या भागात.